सपाट शहरातले चढ

हिवाळ्यातल्या सकाळी गंगेवरचे धुके कोळशाच्या धुरात मिसळते, तेव्हा कलकत्त्याच्या हवेला एक करडा, किंचित कडवट गंध येतो. त्या गंधातच मी बालीच्या पुलाच्या चढाच्या माथ्याशी, दक्षिणेश्वरच्या अंगाला, लोखंडी कठड्याला टेकून उभी होते. दिसत काहीच नव्हते. प्रथम आला तो नुसता आवाज, कोणी दूरवर रेशमी वस्त्र सावकाश फाडत असावे तसा. तीस-चाळीस सायकलींच्या साखळ्यांचा तो सामुदायिक सरसराट होता. मग चढाच्या पायथ्याशी धुक्यात रंग उमटू लागले, लाल, पिवळे, निळे सदरे. आणि पाहता पाहता त्या रंगांना वाकलेल्या पाठी आल्या, ताणलेल्या माना आल्या, ओठ घट्ट मिटलेले चेहरे आले. मी मात्र त्या साऱ्यांत एकच हिरवा सदरा शोधत होते.

कलकत्त्यात चढ कुठून आले, असे तुम्ही विचाराल. खरेच आहे. या शहराइतकी समतल भूमी मी तोवर पाहिली नव्हती. माझे बालपण पुण्यात गेले. तिथे मान वर केली की एखादी टेकडी असायचीच; आपण कुठे आहोत, घर कोणत्या दिशेला, हे टेकड्याच सांगत. लग्नानंतर यांची बँकेतली बदली नागपूरहून कलकत्त्याला झाली, आम्ही बेहालात एका दुमजली घराच्या वरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटले, आणि पहिले कित्येक महिने माझी दृष्टी क्षितिजावर नुसती घसरत राहिली. सगळीकडे ताडामाडांची रांग, तळी, छपरे आणि त्यांच्यावर अफाट आकाश! डोळ्यांना टेकायला काहीतरी उंच लागते, ही गोष्ट ते उंच हरवल्यावाचून कुणाच्या ध्यानात येते का?

आमच्या घराच्या खाली, रस्त्यालगतच्या खोलीत, सुबल दास नावाच्या गृहस्थाचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. सुबल चौतीस वर्षांचा, शेलाटा, मितभाषी. मूळचा बारीसालचा, म्हणजे पूर्व बंगालमधल्या नद्यांच्या मुलखातला. फाळणीनंतर बायको पारुल आणि म्हातारी आई यांना घेऊन तो इकडे आला होता. दुकान हा त्याचा जोडधंदा. त्याचे खरे काम सायकलच्या शर्यती धावण्याचे होते. एस्प्लनेडजवळच्या एका मोठ्या सायकलव्यापाऱ्याने त्याला पगारावर ठेवले होते. त्या दुकानाचे नाव छातीवर मिरवणारा हिरवा सदरा घालून तो गावोगावच्या शर्यतींत उतरे. सपाट रस्त्यावर त्याला धावताना पाहणे हा एक निर्मळ आनंद होता. पाण्यावरून पक्षी जावा तसा तो जायचा, अंगाची जराही हालचाल नाही, फक्त पाय फिरताहेत.

त्या वर्षी मात्र शर्यत ठरवणाऱ्यांनी मार्ग बदलला. नेहमीची शहरातल्या मैदानापासून उत्तरेकडच्या बराकपूरपर्यंतची सरळ धाव पाहून लोक कंटाळले होते म्हणे. म्हणून वाटेत बालीच्या पुलाच्या चार फेऱ्या घातल्या: इकडून चढायचे, नदी ओलांडून पलीकडे उतरायचे, वळायचे, पुन्हा चढून इकडे यायचे. आठ चढ झाले की मग बराकपूरचा रस्ता धरायचा. ही बातमी आली त्या दिवशी सुबलने दुकानातल्या एकाही सायकलीला हात लावला नाही. पारुलने वर येऊन मला सारे सांगितले. पूल आला की याचे पाय मेणाचे होतात, हे सगळ्या सायकलपटूंना ठाऊक होते. मालकाने आदल्याच आठवड्यात त्याला बोलावून, हावड्याचा एक पंचविशीतला गडी आपल्या नजरेत आहे, असे सुचवले होते. या शर्यतीत काही दिसले नाही तर हिरवा सदरा परत करावा लागणार होता. पारुल म्हणाली की दुकानावर आमचे पोट भरेल, पण तो सदरा गेला तर हा माणूस आतून विझेल.

आता मला माझ्याबद्दल थोडे सांगायला हवे. माझा थोरला भाऊ, अण्णा, कॉलेजात असताना सायकलशर्यतींचा वेडा होता. दर रविवारी तो सरावाला कात्रजचा घाट चढे आणि मी माझ्या लेडीज सायकलवर पाण्याची बाटली बांधून त्याच्या मागे असे. पाच वर्षे मी तो घाट त्याच्या पाठीकडे पाहत चढले. शर्यत मी कधी धावले नाही. पण माणूस चढावर नेमका कुठे मोडतो हे मला इतक्या जवळून दिसले होते की ते विसरणे शक्य नव्हते. लग्नानंतर सायकल माहेरी राहिली. कलकत्त्यात आमच्यासारख्या घरातली बाई सायकलवर बसलेली मी पाहिली नव्हती, आणि आपण ती पहिली व्हावे असे धाडसही मनात आले नव्हते.

त्या संध्याकाळी मी खाली गेले आणि मोडक्यातोडक्या हिंदी-बंगालीत सुबलला विचारले, पूल दिसला की तू काय करतोस? तो म्हणाला, वेग घेतो, म्हणजे अर्धा चढ तरी फुकट मिळतो. मी म्हटले, तिथेच तू हरतोस. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. या वरच्या मजल्यावरच्या बौदीला, पोहे करणाऱ्या आणि बाजारात मासे पाहून नाक दाबणाऱ्या वहिनीला, चढाबद्दल काय ठाऊक, असा प्रश्न त्याच्या डोळ्यांत स्वच्छ होता. पण तो सभ्य माणूस होता, त्याने तो विचारला नाही.

यांना मी जेवताना सांगितले. हे मूळचे नागपूरचे, स्वभावाने शांत, आणि सायकल यांना मुळीच येत नाही. नको म्हणतील, अशी माझी खात्री होती. उत्तरेही तयार ठेवली होती. त्यांनी ताटातला शेवटचा घास संपवला आणि म्हणाले, "मग वेळ मोजायला कुणीतरी लागेल. मी येतो घड्याळ घेऊन."

बेहालाहून शहराकडे जाताना नाल्यावर एक छोटा पूल होता. कात्रज पाहिलेल्या डोळ्यांना तो चढ कसला, रस्त्याला लागलेली उचकी! पण चढ लहान असला तरी पुन्हा पुन्हा चढला की मोठा होतो, हे मला माहीत होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तिघे तिथे पोचलो. सुबलने माझ्यासाठी दुकानातली एक जुनी लेडीज सायकल तेलपाणी करून आणली होती. मी पदर खोचला. पहिल्या चार पायडलांना हँडल थरथरले. मग गुडघ्यांना त्यांची जुनी विद्या आठवली. दहा वेळा न थांबता पूल चढायचा, असे मी ठरवले. पहिल्या तीन खेपांत सुबल वाऱ्यासारखा वर गेला, माझ्याकडे न पाहता. सहाव्या खेपेला त्याचा श्वास मला ऐकू येऊ लागला. दहाव्या खेपेला, पुलाचा माथा गाठून तो पायडल सोडून धापा टाकत असताना, मी आपल्या त्याच संथ लयीत त्याच्या शेजारून पुढे गेले. सपाटीवर असतो तर त्याला माझी सावलीही दिसली नसती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. दूधवाले, भाजीवाल्या, ट्रामची वाट पाहणारे दोन कारकून, सगळे थबकून पाहत होते. एका म्हातारबाबांनी यांना काहीतरी विचारले. यांनी शांतपणे उत्तर दिले की, हो, माझीच पत्नी, आणि पुन्हा घड्याळात पाहिले.

त्यानंतर दीड महिना आम्ही रोज पहाटे त्या पुलावर असू. मला अण्णाच्या पाठीने शिकवलेले मी सुबलला शब्दांनी शिकवत होते. चढाच्या पायथ्याशी स्वतःला आवर. हात सैल ठेव, कारण हँडल आवळून धरणारा माणूस पायातली ताकद मनगटात घालवतो. सीटवरून उठू नकोस. वर पाहू नकोस, पुढच्या चाकापुढची हातभर जमीन पाहा. आणि शेवटची गोष्ट, जी सर्वांत अवघड: माथा आला की प्रत्येक जण सुटका झाली म्हणून सैल होतो, तिथे तू आणखी वीस पायडल मार. चढ रस्त्यावर संपतो तेव्हा माणसाच्या मनातही तो संपतो, आणि त्या क्षणापुरते पुढे जाण्याचे दार सताड उघडे असते. पहिल्या चार गोष्टी सुबलने आठवड्यात उचलल्या. शेवटची अंगी बाणायला महिना गेला.

आणि ती सकाळ आली, जिथून मी हे सांगायला सुरुवात केली. हे माझ्या शेजारी, कठड्याला टेकून उभे होते. पारुल माझा हात धरून. पहिल्या फेरीला हिरवा सदरा आमच्यासमोरून गेला तो जवळजवळ शेवटचा. हावड्याचा तो पंचविशीतला गडी उभा राहून, सायकल डावी-उजवी झोकत, सर्वांच्या पुढे वर गेला आणि गर्दीने त्याचे नाव घेतले. माझ्यामागे कुणीतरी म्हणाले की सुबल आता म्हातारा झाला. दुसऱ्या फेरीलाही तेच. पारुलच्या बोटांचा दाब वाढला. तुम्हीच सांगा, दुसऱ्याच्या पोटाशी आणि मानाशी जोडलेल्या गोष्टीत आपण ज्ञान पाजळले आणि ते चुकीचे निघाले तर? कात्रजचा घाट घाट होता. हा पूल होता. अण्णा वीस वर्षांचा होता, हा चौतीस.

तिसऱ्या फेरीला सुबल अकरावा होता. हे हलकेच म्हणाले, "त्याची वेळ बघ. तिन्ही चढ सारखेच." आणि खरेच, बाकीच्यांचे चेहरे आता विस्कटले होते, खांदे हलत होते, कुणाची जीभ कोरडी पडून बाहेर आली होती, सुबल मात्र पहिल्या फेरीला गेला तसाच चालला होता, नजर चाकापुढे, हात सैल. तो वेगाने जात होता असे नव्हे. इतर मंदावत होते आणि तो मंदावत नव्हता. किती साधी गोष्ट! आणि तिच्यासाठी केवढी शिस्त!

चौथ्या फेरीला धुके विरळ झाले होते. चढाच्या मध्यावर हावड्याचा गडी पुढे आणि त्याच्या चाकामागे हिरवा सदरा. दोघे माथ्याशी आमच्यासमोर आले. त्या गड्याने शेवटचे पायडल मारले, पाठ सरळ केली, आणि क्षणभर सोडून दिले. मी ओरडले, तेही मराठीत, "आता थांबू नकोस!" त्या गर्दीत ते शब्द कळणारा यांच्याखेरीज कुणी नव्हता. सुबल थांबला नाही. वीस पायडल मी मनात मोजले. विसाव्याला तो दहा सायकलींइतका पुढे होता आणि पुलाच्या लोखंडी जाळीत दिसेनासा झाला.

पलीकडून परत येईपर्यंतची ती काही मिनिटे हे घड्याळावर मोजत राहिले. मग पुलावर एकटा हिरवा ठिपका आला, मोठा झाला, आमच्यासमोरून उतारावर गेला. मागे बराच वेळ कुणी नव्हते. पारुल रडत होती. सुबल मात्र कुणाकडे न पाहता बराकपूरच्या रस्त्याला लागला.

शर्यतीचा शेवट आम्हांला दिसला नाही. चार वाजता सुबल सायकल हाताने ढकलत घरी आला. मी गॅलरीतून खाली उतरले. तो म्हणाला, "बौदी, तिसरा आलो." बराकपूरच्या शेवटच्या सपाट मैलावर मागच्या चौघांनी एकमेकांच्या आडोशाने वारा चुकवत, वेग वाढवून त्याला गाठले होते, आणि दोघे पुढे गेले होते, त्यांतला एक तो हावड्याचा. ज्या सपाटीवर तो राजा होता तिथेच तो हरला, आणि ज्या चढाला तो भीत होता तिथे सर्वांना मागे टाकून आला. मला वाईट वाटले. त्याला वाटलेले दिसले नाही. तो म्हणाला की आज प्रथमच पुलावर माझे पाय माझे होते.

मालकाने हिरवा सदरा त्याच्याकडेच ठेवला. हावड्याच्या गड्यालाही एक दिला. पुलावरचा प्रकार पाहून मालकाने सुबलला विचारले होते की हे कुणाकडून शिकलास, आमच्या बाकीच्यांना शिकवशील का? सुबलने उत्तर दिले, शिकवणारी आमच्या वरच्या मजल्यावर राहते, मराठी बाई आहे. मालक खूप हसला. सुबल हसला नाही. मालकाचे हसू संपेपर्यंत उभा राहिला आणि मग तेच वाक्य त्याने पुन्हा सांगितले.

पुढच्या रविवारी उजाडताना खालून हाक आली. गॅलरीतून पाहिले तर रस्त्यावर सुबलबरोबर आणखी तीन सायकलपटू, त्यांत तो हावड्याचाही, सायकली धरून अदबीने उभे. त्यानेच वर पाहून नमस्कार केला आणि विचारले, "बौदी, आज कुठला पूल?"

पुढे तीन हिवाळे, यांची बदली होईपर्यंत, मी त्या लोकांबरोबर कलकत्त्याचे चढ शोधत हिंडले. नाल्यांवरचे, कालव्यांवरचे, रेल्वेच्या रुळांवरचे. ज्या नगरीला मी सपाट म्हणून मनातल्या मनात नावे ठेवली होती तिला इतके उंचवटे होते, आणि तिच्यात राहणाऱ्यांना रोज ते चढावे लागत होते! आपण जिथे जातो तिथे आपल्या ओळखीचे उंच शोधतो. तिथल्या माणसांचे उंच कुठे आहे, हे विचारायला मात्र उशीर लावतो. त्या रविवारी मी पदर खोचला, यांना चहा झाकून ठेवला आहे म्हणून सांगितले आणि जिना उतरले. कलकत्त्यात आल्यापासून कुणालाही रस्ता न विचारता, कुणाच्या मागे न जाता मी घराबाहेर पडले ती त्या दिवशी प्रथमच. आणि माझ्या मागे चार माणसे येत होती.