खांबावरचे अठ्ठ्याण्णव

१४ जून २०२५, शनिवार. येडगावच्या रखमाजींच्या घरात इंटरनेटचा वेग तीन एमबीपीएस होता. स्क्रीनशॉट मी पाहिला आहे. जोडणी शंभरची होती आणि त्यांची सून अश्विनीची घरून करायची नोकरी या जोडणीवरच अवलंबून होती. तक्रारीनंतर आलेल्या तंत्रज्ञाने रस्त्यावरच्या खांबाच्या डब्याला स्वतःचा लॅपटॉप जोडला आणि अठ्ठ्याण्णव दाखवले.

"स्पीड फुल हाय. तुमचंच मशिन जुनं असंल. तुमाला काय कळतं यातलं?"

तीस वर्षे डेअरीला दूध घालणारे रखमाजी म्हणाले, "पावणं, फॅट किटलीतल्या दुधाची काढत्यात, गाईचं तोंड बघून न्हाई. घरात येऊन मोजा."

तो उंबऱ्याआत आला नाही. तक्रार 'निवारण झाले' म्हणून बंद झाली. महिनाअखेर अश्विनीची नोकरी गेली. खांब ते घर ही वायर आजवर कुणीच तपासलेली नाही. वेग नेमका कुठे गळतो, हे अज्ञात आहे.