पायलटची खुर्ची आणि माझी सही

आता हे कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा मागवलाच आहे, तर ऐका आणि मनसोक्त हसून घ्या. माझं हसू केव्हाच आटलंय.

मी पेणचा. रोज पॅसेंजर पकडून रोह्याला जायचो. तिथल्या एका वर्कशॉपात विमानांतल्या पायलटच्या खुर्च्या दुरुस्तीला यायच्या. त्या वर्षी सक्तीचा हुकूम निघाला: प्रत्येक खुर्ची तपासा आणि तिला रुळावर अडकवून ठेवणारी पिन बदला. का? तर विमान उडताना खुर्ची मागे घसरली, की पायलटचे हात कंट्रोलपर्यंत पोचत नाहीत. पुढचं मी सांगायला हवं का?

अकरा खुर्च्यांच्या पिना मी बदलल्या. दसरा झाला की मुंबईहून तपासणीच्या मॅडम येणार, आणि काम पसंत पडलं तर खुर्ची पास केल्याच्या कागदावर सही करायचा अधिकार मला मिळणार. सात वर्षं त्याची वाट बघत होतो. बायकोने तर अख्ख्या आळीला सांगून टाकलेलं.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. फोरमन म्हात्रेकाका बजावून गेले, "खुर्च्यांना हात लावू नको रे. तयार हायत त्या."

पण माझा जीव राहतोय कुठे? एवढं मोठं काम, आणि खुर्च्यांना साधं हळदकुंकू नाही? काकांची पाठ वळताच पहिल्या खुर्चीला हळदकुंकू लावलं, वर मूठभर अक्षता टाकल्या. नंतर फडक्याने पुसूनही घेतली. बघा, केवढा हुशार मी.

मॅडम आल्या. पहिल्याच खुर्चीत बसल्या, पायाने रेटा दिला आणि खुर्चीसकट रुळाच्या टोकाला जाऊन आदळल्या.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "मॅडम, पिनांचा मालच खराब आलाय. सगळ्या खुर्च्या खोला."

"नक्की?" काकांनी विचारलं.

"व्हय काका. माझं काम चोख हाय."

सगळ्या खोलल्या. वर्कशॉपातल्या चौघांची जेवणं राहिली. दहा खुर्च्या ठणठणीत निघाल्या. उरलेली पहिली मॅडमनी स्वतः उलटी केली आणि पिनेच्या भोकातून चिमट्याने काहीतरी लालसर काढलं.

"हे काय?"

काकांनी चष्मा पुसून बघितलं. "अक्षता हायत, मॅडम. नवमीच्या. म्हणून पिन पुरती बसली नाय." मग त्यांनी बोट माझ्याकडे केलं.

पळून जावंसं वाटलं, पण परतीची पॅसेंजर संध्याकाळी होती.

"वर्षभर सहीचं नाव काढू नका," मॅडम म्हणाल्या. मग तपासणीच्या कागदावर त्यांनी हाताने एक ओळ वाढवली: 'पिनेच्या भोकात तांदूळ नाहीत याची खात्री करावी.' आणि तिच्याखाली 'वाचले, समजले' म्हणून माझी सही घेतली.

वर्कशॉपच्या कागदावरची माझी पहिली सही ती. अजूनही प्रत्येक खुर्चीसोबत तिची झेरॉक्स विमानतळावर जाते.