महाराणींचं ऑपरेशन

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे महाराणी म्हणतात. ती चार वर्षांची असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आतलं भोक बुजवलं, अरुंद झडप मोकळी केली. तोवर ती रडली की ओठ निळे पडायचे. त्यानंतर तिने आम्हालाच रडवलं. भांडी घासायची वेळ आली की, "माझं ऑपरेशन झालंय ना!" बाजारातून पिशव्या आणायच्या? ऑपरेशन. आईने तिला डोक्यावर बसवून ठेवलं आणि खाली उतरवायचं काम माझ्या गळ्यात टाकून ती वारली.

आता लॉन्ड्री आम्ही दोघी चालवतो. म्हणजे लॉजच्या ओल्या चादरी मी मशीनमधून उपसते आणि महाराणी काउंटरवर पंख्याखाली बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. दरवर्षी तपासणी करून यायची, 'ठणठणीत आहे' म्हणायची आणि पुन्हा पंख्याखाली. ठणठणीत आहेस तर चादरी उचल की! बोलून बोलून माझं तोंड दुखलं.

यंदा मात्र काय अंगात आलं कोण जाणे, ती चादरी उचलायला लागली. मी पुरे म्हटलं की आणखी एक गठ्ठा. ऑपरेशनचं नावच नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण गठ्ठा टाकला की ती दोरीपाशी उगीच चिमटे सारखे करत उभी राहायची, आणि काही विचारलं तर नुसता हात वर करून थांब म्हणायची.

काल ती उपड्या बादलीवर बसली ती उठेचना. ओठ पांढरेफटक.

"तपासणीला गेली होतीस का?" मी विचारलं.

"गेले होते. झडप गळतेय. उजवा कप्पा फुगलाय. लवकर नवीन झडप बसवा म्हणाले, नाहीतर हृदयाची ताकद परत येणार नाही."

"आणि तू चादरी उचलतेस? डोकं फिरलंय का तुझं?"

"उचलता आल्या तर डॉक्टरांचंच चुकलं असेल, असं वाटलं गं, ताई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर नको तिथे ऑपरेशन मिरवलं, आणि खरी वेळ आली तेव्हा ही बाई गप्प! तिला दंडाला धरून पंख्याखाली बसवलं, शटर ओढलं आणि हॉस्पिटलला फोन लावला.

"पुन्हा छाती उघडणार," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. पण बरी होऊन आलीस की चादरींना हात लावायचा नाही," मी खेकसले. "कोणी विचारलं तर सांग, माझं ऑपरेशन झालंय."