आठ की सोळा

आमच्या पनवेलच्या सोसायटीतले सगळे कॉम्प्युटर एकच पोरगा दुरुस्त करतो. कुणाच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही. मेमरी किती टाकायची विचारलं की म्हणतो, "तुमी रोज जे उघडता ते सगळं उघडा. मी बगतो." मग पडद्यावरून त्याची नजर हलत नाही.

तो आमच्या घरी आला त्या दिवशी बायको माझ्या मागेच उभी होती. "सोळा जीबीच टाका," ती म्हणाली. मी मेल उघडली आणि कंपनीनं मला काढल्याचं पत्रच समोर आलं. तिला मी अजून सांगितलं नव्हतं.

त्यानं सहज पडद्यावर पंजा टेकवला. "वैनी, जरा पानी द्या."

ती आत गेली. मी घाईघाईनं मेल बंद केली.

एरवी बघून झाल्यावर बहुतेकांना सोळाच घ्यायला लावणारा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आठ बास हाय. आता सोळा नको."