झोप झाली का, विचारणाऱ्या ताई

सणसरच्या ताईंमुळे माझी नोकरी टिकली आणि बहुतेक मानही जागेवर राहिली. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्यांची थट्टाही करणार आहे, आणि पोरगं उपकार विसरलं असं तुम्हाला वाटायला नको.

माणूस भेटला की आपण जेवलास का विचारतो. ताई विचारायच्या, "झोप झाली का?" गाडीचं दार उघडायच्या, पण आत बसायच्या नाहीत. डॉक्टर जीभ बघतो तशा वाकून माझे डोळे बघायच्या. मी हो म्हटलं की पुढचा सवाल तयार, "झाली, का सांगायचं म्हणून सांगतुयास?" बैल विकत घेताना माणूस एवढं बघत नाही.

मी किनवटकडचा. नववीत शाळेला रामराम ठोकला आणि फिरत फिरत बारामतीजवळ जळोचीत एका मालकाच्या भाड्याच्या गाडीवर लागलो. मालकाला सगळे तात्या म्हणतात. त्यांच्याच शेडात मी राहायचो, म्हणजे नोकरी गेली की छप्परही जाणार. म्हणून मी कुठल्याच भाड्याला नाही म्हणत नसे. तात्यांनी चंद्रावरचं भाडं घेतलं असतं तरी मी डिझेल कुठं मिळेल एवढंच विचारलं असतं.

ताई विमान कंपनीत होत्या. सुट्टी मिळाली की वडिलांकडं सणसरला यायच्या, आणि पुण्याच्या विमानतळावरून त्यांना आणणं-सोडणं बहुतेक माझ्याकडं असायचं. गावातली पोरं हवाई सुंदरी म्हणायची. त्यांचे वडील, आबा, लगेच अडवायचे, "सुंदरी-बिंदरी काय न्हाय, डूटी हाय ती."

गावाला ताईंचं काम कधी नीट कळलं नाही. बारामतीच्या बाजूनं एखादं छोटं शिकाऊ विमान घरघरत आलं की शेजारच्या काकू खुरपं टाकून हात हलवायच्या. ताई मागं उभ्या असल्या तरी हलवायच्या. ताई म्हणायच्या, "काकू, त्यात माझी बॅग पण मावायची न्हाय." काकूंना ते पटायचं नाही. ओळख असली की जागा होते, असा यष्टीतला अनुभव होता त्यांचा.

सगळ्यात मोठा घोटाळा झोपेचा. ताईंची ड्यूटी कधी पहाटे, कधी रात्रभर. सुट्टीला आल्या की भरदुपारी झोपायच्या. खिडकीला उसाच्या ट्रॉलीवरची ताडपत्री. गावात भरदुपारी कोण झोपतं? एक तर आजारी, नाहीतर दारू प्यालेला. ताई दोन्हींत बसत नसल्यामुळं लोक मुद्दाम बघायला यायचे. मग आबा काठी घेऊन उंबऱ्यात बसायला लागले. एके काळी या घराची मेंढरं होती, आबांनी पोरपणी ती राखलेली. म्हणायचे, "लांडगं परवाडलं. त्यास्नी हाड म्हणलं की जायचं. बाया जात न्हाईत."

एकदा लग्नाचं आवतण घेऊन बायका आल्या. घरातल्या लेकीबाळीला कुंकू लावल्याशिवाय आवतण पोचत नाही, हा त्यांचा हट्ट. पोरीला उठवायचं नाही, हा आबांचा. शेवटी आबांनी टोपी मागं सारली आणि कपाळ पुढं केलं. "मला लावा. पोचलं म्हणा." बायकांनी तोंडाला पदर लावून लावलंसुद्धा. संध्याकाळी आबा तसेच पारावर गेले. कुणी विचारलं नाही. काठी हातात होती ना.

पारावरच्यांना हे झोपेचं दुखणं पटलं ते ताईंनी विहिरीच्या मोटारीच्या लायटीवर आणलं तेव्हा. शेतीची लाईट इकडं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री उसाला पाणी धरलेला माणूस सकाळी दाव्याला म्हशीऐवजी स्वतःलाच बांधून घेईल, हे सगळ्यांना ठाऊक. ताई म्हणाल्या, "तुमची पाळी आठवड्यानं तरी बदलती. माझी आज रातची, उद्या दिसाची, परवा परत रातची. आणि रातभर हसायचं पण." त्यावर एक म्हातारा म्हणाला, "पाणी धरताना हसायला लावलं तर मी ऊसच काढून टाकीन."

ताई गाडीत बसल्या की बूट काढायच्या. पाय सुजलेले असायचे, बुटाची कड उमटलेली. सर्दी असली तरी जायच्या, कारण आजारपणाच्या रजा जास्त झाल्या की बढतीच्या यादीत नाव मागं पडायचं. जेवण कसं, तर उभ्यानं, पडद्यामागं, सगळ्यांचं झाल्यावर. "सुनेचं जिणं हाय रं," म्हणायच्या. "फक्त उंचावर." मी एकदा म्हटलं, ताई, काम तर चहा द्यायचंच ना? तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. चहा वेळ जायला असतो, म्हणाल्या. खरं काम वेळ आली तर दार उघडायचं. आग कुठल्या बाजूला आहे ते बघून, कॅप्टनचं ऐकून, योग्य दार, आणि लोक तुडवातुडवी करायच्या आत. पेंगुळलेल्या माणसाला तेवढं सुचत नाही.

आता तो दिवस. लग्नसराई होती. मी वऱ्हाड घेऊन तुळजापूरला गेलो, परत आलो की तात्यांनी दुसऱ्या वऱ्हाडाला जुंपलं. सकाळी उतरलो, गाडी धुतली आणि तसाच सणसरला गेलो. ताईंचं विमान संध्याकाळचं. त्या बॅग घेऊन अंगणात आल्या, वाकल्या, विचारलं. माझ्याच्यानं खोटं बोलवेना. नाही झाली म्हणालो.

त्यांनी हात पुढं केला. "किल्ली दे."

मी दिली आणि घाबरलो. आता तात्या हाकलणार, शेडातली पिशवी कुठं न्यायची, घरी काय सांगायचं, सगळं डोळ्यांपुढं आलं. ताईंनी तिथूनच तात्यांना फोन लावला. हा आज गाडी चालवणार नाही, झोपणार आहे, म्हणाल्या. पलीकडून तात्यांचा आवाज बाजेवर बसलेल्या आबांपर्यंत येत होता. असले नखरे चालायचे नाहीत, पोराला म्हणावं पिशवी उचल, असं बरंच.

ताई शांतपणे म्हणाल्या, "तात्या, डोळं लागल्यालं माणूस मी इमानाच्या दाराजवळ बसू देत न्हाय. तुमी त्याला स्टिअरिंगवर बसवताय. त्याला काढा तुमी. आमचं आबा रोज पारावर बसत्यात, सणसर-भवानीनगरचं एक भाडं तुमच्याकडं येतंय का बघा मग."

आबांनी बाजेवरूनच खाकरून अनुमोदन दिलं. पलीकडं तात्यांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, झोपू दे की, मी कुठं नको म्हणतोय.

ताईंनी भवानीनगरहून दुसरी गाडी मागवली आणि वाट बघत बसल्या. कानावर तळवा दाबून धरला होता. आदल्या संध्याकाळीच त्या सर्दीनं बेजार होऊन लागोपाठच्या ड्यूटीवरून आल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या दिला, आणि सहज तोंडातून गेलं, "ताई, तुमची झोप झाली का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हा प्रश्न त्यांना उलटा कुणी विचारलाच नसावा. आबा हळूच म्हणाले, "त्या यादीत नाव लागायचं व्हतं न्हवं तुजं? मोठ्या जागंचं?"

"व्हय," ताई म्हणाल्या. "ह्या कानानं मला तुमचं अर्धंच ऐकू येतंय, आबा."

मग त्यांनी फोन काढला आणि कंपनीला कळवलं. आवाज एकदम दुसऱ्याच बाईचा, इस्त्री केलेलं इंग्रजी. मला एकच शब्द कळला, अनफिट. फोन ठेवून त्यांनी ती दुसरी गाडीही नको म्हणून कळवलं. मला आबांच्या बाजेवर झोपवलं, स्वतः आत गेल्या, आणि आबा आमच्या दोघांच्या मधे काठी घेऊन बसले.

बारामतीच्या डॉक्टरांनी सर्दीत विमानातून गेल्यानं कानाच्या पडद्याला भोक पडल्याचं सांगितलं. तशा कानानं वर जायचं नसतं, असं म्हणाले. यादीत ताईंचं नाव लागलं नाही. कान सुधारला, पण पहिल्यासारखा नाही. कंपनीनं त्यांना जमिनीवरच्या कामाला उत्तरेकडच्या एका शहरात धाडलं. तिथं ताई नव्या पोरींना दार उघडायला शिकवतात. सणसरला येणं आता सणावारीसुद्धा होत नाही. आबा म्हणतात, पोरगी इमानात व्हती तवा जवळ व्हती, जमिनीवर आली आन लांब गेली.

मी अजून तात्यांकडंच आहे. डोळे जड असले की नाही म्हणतो. म्हणताना शेडातली पिशवी डोळ्यांपुढं येते, पण म्हणतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. इतक्या फेऱ्या झाल्या, पण ताई माझ्या गाडीत एकदाही झोपल्या नाहीत. थकून मोडून आलेल्या असल्या तरी मागं ताठ बसून रस्ता बघायच्या, मधेच मला बोलतं करायच्या. ते बोलणं कशासाठी होतं, ते मला फार उशिरा कळलं. तर ताई, तुम्ही सुट्टीला याल तेव्हा पुण्याहून आणायला मीच येणार. आदल्या दिवशी एकही भाडं घेणार नाही, पोटभर झोपून येणार. तुम्ही मागं आडव्या व्हायचं आणि सणसरच्या अंगणात गाडी थांबली तरी उठायचं नाही. तुमची झोप आपणहून मोडेपर्यंत मी स्टिअरिंगवर बसून राहीन.