बाईंची हाक

बाईंनी खालच्या पार्किंगमधून हाक मारली की चौथ्या मजल्यावरचे आमचे मल्याळी शेजारीसुद्धा गॅलरीत येऊन बघायचे. काय तो आवाज! बाई शारजातल्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. मूळच्या मालवणकडच्या, एकट्याच राहायच्या. बिल्डिंगमधले सगळेच, अगदी वॉचमन खानसाहेबही, त्यांना 'बाई'च म्हणायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. शुक्रवारी सुट्टी. लोक मॉलच्या एसीत जाऊन बसायचे. आणि आमच्या बाई, थंडी पडली रे पडली की चार मराठी कुटुंबांना गाड्यांत कोंबून रास अल खैमाच्या डोंगरात न्यायच्या. "यल्ला, उठा गो! वाळवंट वाळवंट म्हणून रडता, जरा वर चढून बघा."

वर खरंच वेगळी दुनिया होती. त्यांची एक ठरलेली वाट होती. एका वादीतून, म्हणजे ओढ्याच्या पात्रातून, चढायचं, दुसरीतून उतरायचं, की पुन्हा गाडीपाशी. पाऊस होऊन गेला असला तर दोन्ही वाद्यांत डोहामागून डोह लागायचे, हिरवेगार, तळ न दिसणारे. माथ्यावर पायऱ्यांची जुनी शेतं, त्यांत घोट्याएवढं गवत आणि माणसं केव्हाच सोडून गेलेली दगडी घरं. त्या घरांची दारं इतकी बुटकी, की आत कोण राहत असेल या विचारानं माझ्या तर अंगावर काटा यायचा. आमची पोरं मात्र तिथेच लपाछपी खेळायची.

बाई चालायच्या सगळ्यांच्या मागे. आणि त्यांचा एकच नियम होता, तो गाडीतून उतरतानाच पोरांकडून वदवून घ्यायच्या. डोंगरात कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेलाच द्यायची. "माणूस असेल तर तीनदा हाक मारील. दुसरं काय असेल, ते एकदाच मारतं." आमचे हे हमरिया बंदरात इंजिनिअर. ते हसायचे. "बाई, कोकणातली भुतं व्हिसा काढून इथवर आली का हो?" बाई म्हणायच्या, "हसा तुम्ही. पण ओ देऊ नका."

त्या शुक्रवारी उतरताना अचानक ढग खाली आले. माझ्या बुटाचा तळ निघाला होता, म्हणून मी दगडावर बसले होते आणि बाई आपल्या ओढणीनं तो बांधून देत होत्या. हे दोन वळणं पुढे. नऊ वर्षांची आमची सई त्यांच्याबरोबर आहे असं मला वाटत होतं, आणि ती माझ्याबरोबर आहे असं त्यांना. हे परत आले तेव्हा कळलं, की ती कुणाबरोबरच नाही. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

बाई उभ्या राहिल्या. "सई!" त्यांनी हाक मारली. धुक्यातून काही नाही. "सई!" पुन्हा काही नाही. तिसऱ्या हाकेला, उजवीकडून, अगदी जवळून "ओ" आली.

पोरगी कड्याच्या टोकावर बसली होती. खाली सरळ डोह. हे तिला उचलून मागे आले आणि ओरडले, "पहिल्या हाकेला बोलायला काय झालं होतं?"

"बाईंनी आधी खालून बोलावलं ना," सई म्हणाली. "फ्रॉम द वॉटर. ओन्ली वन्स. सो आय सॅट डाउन."

"एको असेल," हे म्हणाले. एको कशाचा? त्याआधी बाईंनी तोंडच उघडलं नव्हतं. त्या माझ्या पायाशी बसल्या होत्या. मी तसं तिथल्या तिथे सांगितलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझाच आवाज होता?" त्यांनी विचारलं. सईनं मान डोलावली.

त्यानंतर बाईंनी डोंगर सोडला. "माझ्या आवाजानं पोर गेली असती गो," एवढंच मला म्हणाल्या. हाक मारणंही सोडलं. वर्गात टेबलावर डस्टर आपटायच्या, आमच्याकडे यायच्या तर दार नुसतं वाजवायच्या. मला फार वाईट वाटायचं. सईला तर त्या चार हात लांबच ठेवायला लागल्या. तिला कळायचंच नाही, की बाई आपल्यावर का रागावल्या.

दोन-तीन वर्षांनी बाई कायमच्या गावी निघाल्या. दुबई एअरपोर्टवर आम्ही पोचवायला गेलो, तर सई फुगून दूर ट्रॉल्यांपाशी उभी. बाई हळूच मला म्हणाल्या, "तू बोलव गो तिला. जाताना एकदा जवळ घेते." मी बोलावलं. कार्टी हलेना. "बाईंनी बोलावलं तरच येईन!"

बाईंनी माझा हात घट्ट धरला. ओठ दोनदा उघडले, मिटले. मग ती जुनी हाक आली, सगळा हॉल वळून बघेल अशी. "सई!"

सई धावत सुटली ती थेट त्यांच्या कुशीत. बाई रडत तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या. "पहिल्या हाकेला आलीस? कितीदा सांगितलं होतं, वेडे!"

"बट आय कुड सी यू, बाई," सई म्हणाली.

बाईंनी तिला कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली.