ताईने राजाची शपथ घेतली

मंडळी, आज संध्याकाळी आमच्या पिंपळे सौदागरच्या घरात चक्क एका राजावरून वाद झाला.

माझी बहीण मेघाताई कॅनडात असते. आज तिला तिथलं नागरिकत्व मिळालं. शपथविधी आटोपताच तिने व्हिडिओ कॉल केला आणि सहज बोलून गेली, "राजाशी एकनिष्ठ राहीन असं म्हणावं लागतं."

बाबांनी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. त्यांचा चेहराच उतरला. "तुला लोकशाही शिकवली, आणि तू राजापुढे मान झुकवलीस?"

"अहो बाबा, इंग्लंडचा राजा तोच कॅनडाचाही, आणि तो राहतो इंग्लंडमध्ये. इथे त्याच्या नावाने गव्हर्नर जनरल कायद्यांवर सही करतात, तीही पंतप्रधानांच्या सल्ल्याने. शाळा, दवाखाने प्रांताचं सरकार बघतं. कायदे करतात ते निवडून आलेले लोक."

"मग राजा कशाला हवा?"

ताई म्हणाली, "पंतप्रधान कितीही मोठा झाला तरी देश त्याच्या नावावर होऊ नये, म्हणून असेल."

"म्हणजे आपल्या राष्ट्रपतींसारखंच."

"हो, पण आपले राष्ट्रपती आमदार-खासदारांच्या मतांनी निवडून येतात. इथे जन्मावरून ठरतं. ते मलाही पटत नाही."

बाबा म्हणाले, "मत देऊन सरकार बदलता येतं ना?"

"येतं की."

"मग पहिलं मतदान चुकवू नकोस. भारताचं नागरिकत्व सुटलं, इथलं तुझं मत आता गेलं."

बाबांचं दुखणं राजाचं नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं.

तुमच्या घरातलं कुणी असं दुसऱ्या देशाचं झालंय का? तेव्हा आईबाबा काय म्हणाले?